बालकांच्या छातीच्या क्ष-किरण चित्राची गुणवत्ता आणि समाजमाध्यमे

बालकांच्या छातीचे क्ष-किरण चित्र हे न्यूमोनिया, क्षयरोग, फुप्फुसावरणात साठलेले पाणी, श्वासमार्गात अडकलेली वस्तू, हृदयाचे काही जन्मजात दोष इत्यादींच्या निदानासाठी वापरले जाणारे साधन आहे. बोलीभाषेत त्याला ‘छातीचा एक्स-रे’ किंवा ‘छातीचा फोटो’ म्हणतात. चित्र वाचणारा डॉक्टर कितीही जाणकार असला, तरी चित्र सदोष असेल तर त्याचा निष्कर्षही संशयास्पद ठरतो. म्हणून चित्र काढण्याच्या तंत्राची गुणवत्ता हा बालआरोग्यातील एक स्वतंत्र विषय मानला जातो.

लहान रुग्णालयांत बहुधा एकच क्ष-किरण तंत्रज्ञ असतो आणि त्याने काढलेल्या चित्राविषयी त्याला कुणी काही सांगत नाही. समाजमाध्यमे, विशेषतः व्हॉट्सॲपसारखी संदेशवहनाची ॲप, ही उणीव काही प्रमाणात भरून काढू शकतात. तंत्रज्ञाने चित्र पाठवावे, दूरच्या क्ष-किरणतज्ज्ञाने त्यातील तांत्रिक दोष दाखवावा आणि पुढच्या बालकाच्या वेळी तो दोष टाळला जावा, अशी ही पद्धत आहे. तिचा मुख्य हेतू तंत्र सुधारणे हा असून फोनवर निदान करणे हा नाही.

पार्श्वभूमी

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. या शोधासाठी त्यांना १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. शोधानंतर थोड्याच काळात छातीची तपासणी हा क्ष-किरणांचा एक प्रमुख उपयोग ठरला. आजही ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र असेल, तर हाडांच्या खालोखाल छातीचीच चित्रे तेथे काढली जातात.

न्यूमोनिया हे पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात या वयोगटातील ७,४०,१८० बालके न्यूमोनियाने दगावली. या वयातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. भारत सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सांस’ ही मोहीम सुरू केली. बालन्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे तीनपेक्षा कमी करणे हे तिचे उद्दिष्ट होते.

न्यूमोनियाच्या प्रत्येक बालकाला क्ष-किरण तपासणीची गरज नसते. आरोग्य केंद्रात श्वास मोजून आणि छाती आत ओढली जाते का ते पाहूनच उपचार सुरू करता येतात. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक श्वास हे वेगवान श्वसनाचे लक्षण मानतात. आजार तीव्र असेल, उपचारांनी उतार पडत नसेल, फुप्फुसावरणात पाणी किंवा पू असल्याची शंका असेल, किंवा क्षयरोगाचा संशय असेल, तेव्हा छातीचे चित्र आवश्यक ठरते. हे चित्र बहुतेकदा अधिक आजारी मुलांचे असते, आणि अशा मुलांचे चित्र नीट काढणेच सर्वांत अवघड असते.

बालकांचे चित्र अवघड का असते

प्रौढ माणसाला ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे सांगता येते, पण आठ महिन्यांच्या बाळाला ते कळत नाही. ते रडते, हातपाय झाडते, अंग पिळते. आजारी बाळाचा श्वास वेगवान असल्याने पूर्ण श्वास आत घेतल्याचा क्षण फार थोडा वेळ टिकतो. प्रौढांचे चित्र उभ्याने, पाठीकडून छातीकडे किरण पाठवून आणि सुमारे १८० सेंटिमीटर अंतरावरून काढतात. लहान मुलांचे चित्र मात्र बहुधा झोपवून किंवा धरून बसवून, छातीकडून पाठीकडे किरण पाठवून आणि सुमारे १०० सेंटिमीटर अंतरावरून काढले जाते. त्यामुळे हृदय प्रत्यक्षापेक्षा मोठे भासते.

शिवाय बालकाची छाती ही प्रौढाच्या छातीची लहान प्रतिकृती नसते. तान्ह्या बाळाच्या छातीत हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस ग्रंथी असते. चित्रात ती कधी शिडाच्या आकाराच्या पांढऱ्या सावलीसारखी दिसते आणि अननुभवी वाचकाला न्यूमोनियाचा भास होतो. छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापणारे हृदय प्रौढात वाढलेले समजतात, पण तान्ह्या बाळात ६० टक्क्यांपर्यंतचे प्रमाण नैसर्गिक असू शकते.

चांगल्या चित्राचे निकष

चित्राची तांत्रिक गुणवत्ता पुढील बाबींवरून ठरवली जाते.

श्वासाची स्थिती : चित्र पूर्ण श्वास आत घेतलेला असताना निघालेले असावे. श्वासपटलाच्या वर पुढच्या बाजूच्या पाच ते सहा किंवा पाठीकडील आठ ते नऊ फासळ्या मोजता आल्या, तर श्वास पुरेसा मानतात. श्वास बाहेर सोडताना काढलेल्या चित्रात फुप्फुसांचे तळ दाटलेले व पांढरट दिसतात आणि हृदय रुंद भासते. निरोगी बालकावर न्यूमोनियाचा शिक्का बसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. तंत्रज्ञाने बाळाच्या पोटाकडे पाहावे आणि पोट वर येऊन श्वास भरला की बटण दाबावे. रडणारे बाळ हुंदक्यानंतर खोल श्वास घेते, तो क्षण साधावा.

सरळपणा : शरीर एका बाजूला वळलेले नसावे. गळ्याखालची दोन आडवी हाडे, म्हणजे जत्रुकास्थी, यांची आतली टोके पाठीच्या मणक्यांपासून समान अंतरावर असावीत. तान्ह्या बाळात ही हाडे स्पष्ट नसल्यास दोन्ही बाजूंच्या फासळ्यांची लांबी ताडून पाहतात. शरीर वळले की एक फुप्फुस अधिक काळे व दुसरे अधिक पांढरे दिसते आणि हृदयाची कड सरकते.

पाठीचा बाक : हात डोक्यावर फार ताणले तर बाळाची पाठ कमानीसारखी उचलली जाते. मग जत्रुकास्थी फुप्फुसांच्या शेंड्यांच्याही वर जातात, फासळ्या आडव्या दिसतात आणि फुप्फुसांचे तळ झाकले जातात. हात डोक्याच्या दोन बाजूंना सैल ठेवावेत.

एक्स्पोजर : हृदयाच्या सावलीमागे पाठीचे मणके जेमतेम दिसावेत. किरण कमी पडले तर सारे पांढरे होते व रोग असल्याचा भास होतो. अधिक पडले तर सारे काळे होते व असलेला रोग झाकला जातो. डिजिटल यंत्रात संगणक चित्राचा उजेड आपोआप जुळवून घेतो. त्यामुळे जादा किरण दिले तरी चित्र चांगलेच दिसते आणि मात्रा नकळत वाढत जाण्याचा धोका राहतो. म्हणून यंत्राने दाखवलेला एक्स्पोजर निर्देशांक पाहण्याची सवय आवश्यक असते.

स्थिरता : हालचालीने कडा पुसट होतात. उपाय म्हणजे एक्स्पोजरचा काळ शक्य तितका कमी ठेवणे आणि बाळाला योग्य रीतीने धरणे. सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी काळ इष्ट मानला जातो. जुन्या किंवा कमी शक्तीच्या यंत्रात हे नेहमी साधत नाही.

चौकट : फुप्फुसांच्या शेंड्यांपासून दोन्ही बाजूंच्या खालच्या कोपऱ्यांपर्यंत सर्व भाग चित्रात यावा, पण जबडा, दंड आणि पोट शक्य तितके बाहेर राहावे. पुष्कळ ठिकाणी ‘काही सुटायला नको’ म्हणून बाळाचे सगळे धड चित्रात घेतात. त्यामुळे अकारण किरण पडतात आणि चित्रही धूसर होते.

बाहेरच्या वस्तू : ताईत, काळ्या दोऱ्यातले मणी, सोनसाखळी, अंगड्याची बटणे, सेफ्टी पिन, प्राणवायूची नळी आणि लांब वेणीसुद्धा चित्रात उमटते. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोरा काढायला आई सहसा नाखूश असते. कारण नीट सांगितले आणि दोरा लगेच पुन्हा बांधता येईल असा विश्वास दिला, तर अडचण येत नाही.

खुणा : डावी-उजवी बाजू दाखवणारी खूण चित्र काढतानाच ठेवावी. हृदय उजव्या बाजूला असण्याचा जन्मजात प्रकार याच खुणेवरून कळतो. खूण नसेल तर चित्रच उलटे लावले आहे असे समजून तो नजरेतून निसटू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण पद्धत

एकच चित्र दोन डॉक्टरांनी पाहिले तर दोघांचे मत जुळेलच असे नाही. लसींचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासांत ही अडचण विशेष जाणवली. न्यूमोकोकसविरुद्धच्या लसीने न्यूमोनिया किती कमी झाला हे सांगायचे, तर ‘न्यूमोनिया’ म्हणजे नेमके काय हे सर्व देशांत एकसारखे ठरलेले हवे. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये बालकांच्या छातीच्या चित्रांचे वाचन एकसारखे करण्यासंबंधी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २०१६ पासून संघटनेने या पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य अद्ययावत करण्याचा प्रकल्प हाती घेतला.

या पद्धतीत रोगाकडे पाहण्याआधी चित्राची गुणवत्ता ठरवावी लागते. त्यासाठी तीन वर्ग आहेत. सर्व बाबी वाचता येतील असे चित्र ‘पुरेसे’ ठरते. मुख्य बदल आहे की नाही एवढे सांगता येते, पण बारीक बदलांविषयी बोलता येत नाही, असे चित्र ‘मध्यम’ ठरते. मुख्य बदलाविषयीही काही सांगता येत नसेल तर ते ‘अवाचनीय’ ठरते. त्यानंतर फुप्फुसाचा भाग घट्ट पांढरा झाला आहे का, फुप्फुसावरणात पाणी आहे का आणि इतर विरळ सावल्या आहेत का, याची नोंद होते. दोन वाचक स्वतंत्रपणे मत देतात आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याचा निर्णय घेतात.

उत्तर भारतात लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या पुढाकाराने लखनौ, इटावा, पाटणा आणि दरभंगा या जिल्ह्यांतील रुग्णालयांचे जाळे उभारून २ ते ५९ महिन्यांच्या बालकांतील न्यूमोनियाची पाहणी करण्यात आली. त्यात हीच वाचनपद्धती उपयोगात आणली गेली. अनेक लहान रुग्णालयांतून, निरनिराळ्या यंत्रांवर आणि निरनिराळ्या तंत्रज्ञांकडून येणारी चित्रे एकाच मापाने वाचायची असतील, तर ती काढण्याची रीतही एकसारखी असावी लागते. रीत सुधारायची तर चित्र काढणाऱ्यापर्यंत अभिप्राय पोहोचावा लागतो.

समाजमाध्यमांचा उपयोग

प्रशिक्षण वर्ग वर्षातून एखाद्या वेळी होतो आणि तेथे शिकलेले काही महिन्यांत विस्मरणात जाते. याउलट फोन तंत्रज्ञाच्या खिशात असतो. चित्र काढल्यावर काही तासांत ‘बाळ डावीकडे वळले आहे, उजवा खांदा थोडा टेकवा’ असा संदेश आला, तर तो हातातल्या कामाशी जोडला जातो. समाजमाध्यमाची उपयुक्तता या तत्परतेत आहे. त्याला वेगळे यंत्र लागत नाही, वेगळा खर्च येत नाही आणि वापर शिकवावा लागत नाही.

कार्यपद्धती

अशा गटात साधारणपणे निरनिराळ्या रुग्णालयांतील क्ष-किरण तंत्रज्ञ, एक-दोन क्ष-किरणतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि एक समन्वयक असतो. सुरुवातीला काही आठवडे कोणताही अभिप्राय न देता चित्रे जमा करून त्यांची प्रतवारी करतात. त्यातून मूळ स्थिती कळते. त्यानंतर निकषांचे छोटे प्रशिक्षण होते आणि अभिप्राय सुरू होतो. अभिप्रायासाठी श्वास, सरळपणा, एक्स्पोजर, चौकट, हालचाल, बाहेरच्या वस्तू आणि खूण अशी ठरीव यादी उपयोगी पडते. प्रत्येक चित्राविषयी एकच मुख्य सुधारणा सांगावी, असे अनुभवी शिक्षक सुचवतात. सात दोष एकदम सांगितले तर एकही सुधारत नाही. ठरावीक काळाने पुन्हा प्रतवारी करून आधीच्या स्थितीशी तुलना करतात.

फोनवरील छायाचित्राच्या मर्यादा

संदेशवहनाची ॲप सामान्यतः चित्राचा आकार कमी करून पाठवतात. त्यात बारीक तपशील हरवतात. तेच चित्र ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवले तर मूळ दर्जा बराच टिकतो. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून अधिक स्पष्ट चित्र पाठवण्याची सोयही आहे. डिजिटल यंत्रातील चित्र ‘डायकॉम’ या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाण स्वरूपात असते. ते थेट संगणकातून उतरवून घेणे पडद्याचा फोटो काढण्यापेक्षा श्रेयस्कर असते.

फिल्मचा फोटो घ्यायचा असल्यास ती व्ह्यू बॉक्सवर लावावी. खोलीतले दिवे मंद करावेत, फ्लॅश बंद ठेवावा आणि फोन फिल्मला समांतर धरावा. खिडकीच्या उजेडात हाताने धरलेल्या फिल्मचा फोटो घेतला तर त्यावर झाडाची सावली, बोटे आणि चकाकी उमटते. अशा फोटोतील दोष मूळ चित्रातला आहे की फोटोतला, हे ओळखता येत नाही.

सरळपणा, चौकट, श्वासाची स्थिती आणि बाहेरच्या वस्तू हे दोष फोनवरही बऱ्यापैकी ओळखू येतात. एक्स्पोजरचा निर्णय मात्र फोनवर भरवशाचा नसतो, कारण फोनचा कॅमेरा आणि पडदा दोन्ही उजेड बदलतात. त्यासाठी यंत्राने दिलेली आकडेवारी चित्रासोबत पाठवावी लागते. फुप्फुसातील विरळ सावल्या किंवा क्षयरोगातील सुजलेल्या लसिका ग्रंथी यांविषयी केवळ फोन पाहून अंतिम मत देणे धोक्याचे मानले जाते.

गटातील वर्तन

तंत्रज्ञाचे चित्र सर्वांसमोर ठेवून त्याला नावे ठेवली, तर तो वाईट चित्रे पाठवणे थांबवतो. नंतर गटात केवळ चांगलीच चित्रे येतात आणि गुणवत्ता सुधारल्याचा आभास निर्माण होतो. रुग्णालयातील बालकांना त्याचा काही लाभ होत नाही. हे टाळण्यासाठी दोन उपाय आहेत. एक, निवडक चित्रे न मागवता ठरावीक दिवसांतील सर्व चित्रे क्रमाने मागवणे. दुसरा, अभिप्राय शक्यतो त्या व्यक्तीला खासगीत देणे आणि गटात नाव न घेता सर्वसाधारण धडा मांडणे. शुभेच्छा, विनोद आणि राजकीय संदेश यांनी गट भरून गेला तर कामाचे संदेश वाहून जातात. म्हणून असा गट केवळ कामापुरता ठेवतात.

पुन्हा चित्र काढण्याचा प्रश्न

सदोष चित्र लक्षात आले की ते पुन्हा काढावे असा मोह होतो. परंतु पुन्हा काढणे म्हणजे बालकाला पुन्हा किरण देणे. वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर उपलब्ध चित्रातून मिळत असेल, तर केवळ ते अधिक देखणे व्हावे म्हणून पुन्हा काढू नये. पुन्हा काढण्याचा निर्णय त्या बालकावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा असतो, गटाचा नसतो. गटातील अभिप्राय हा पुढच्या बालकासाठी असतो.

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील संदर्भ

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके भीमा नदीच्या दोन अंगांना पसरलेले आहेत. दौंड तालुक्यातील पाटस हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर त्याचे रेल्वेस्थानकही आहे. येथील भीमा सहकारी साखर कारखाना आणि शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील घोडगंगा सहकारी साखर कारखाना यांमुळे हा ऊसपट्टा म्हणून ओळखला जातो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळेही मोठ्या संख्येने आहेत. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत.

ऊसगाळपाचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात मराठवाडा आणि अहिल्यानगर भागातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे लहान मुलांसह येतात व पालांवर राहतात. हेच थंडीचे, श्वसनविकारांचे दिवस असतात. उघड्यावरची थंडी, चुलीचा धूर, अपुरे पोषण आणि चुकलेले लसीकरण ही बालन्यूमोनियाची जाणती कारणे आहेत. फिरतीवर असलेल्या कुटुंबाजवळ आधीच्या चित्राची फिल्म क्वचितच राहते. पालावर ती भिजते, दुमडते किंवा हरवते. त्यामुळे जुन्या चित्राशी तुलना करण्याची सोय डॉक्टरला नसते आणि हाती असलेल्या एकाच चित्रावर निर्णय घ्यावा लागतो. ते चित्र पहिल्याच वेळी नीट निघणे अशा बालकासाठी विशेष महत्त्वाचे ठरते.

राज्याच्या आरोग्य व्यवस्थेत क्ष-किरण तपासणी सर्वसाधारणपणे ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय या पातळीवर होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बालकाला तालुक्याच्या ठिकाणी आणि गंभीर असल्यास पुण्याच्या ससून सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. बालकांच्या चित्रांत पारंगत क्ष-किरणतज्ज्ञ प्रामुख्याने शहरात असतात. तालुका आणि शहर यांच्यातील हे अंतर संदेशवहनाच्या ॲपने कमी होऊ शकते.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामात गावातील स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण देण्यावर भर होता. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत लोकसंख्येच्या आरोग्याची सातत्याने नोंद ठेवली जाते. अशा नोंदी असलेल्या भागात बालन्यूमोनियाचे प्रमाण आणि लसींचा परिणाम अभ्यासता येतो. अशा अभ्यासासाठीही वाचनीय क्ष-किरण चित्रे ही पहिली अट असते.

न्यूमोकोकसविरुद्धची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये ती देशभर उपलब्ध झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘न्यूमोसिल’ या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली.

किरणोत्सर्ग सुरक्षा

बालकाच्या छातीच्या एका चित्रातून मिळणारी मात्रा अल्प असते. ती साधारणपणे ०.०१ ते ०.०२ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एका चित्राची मात्रा दोन-तीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी असते. तरीही बालकांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि त्यांचे पुढचे आयुष्य मोठे असते. म्हणून आवश्यक तेवढीच आणि शक्य तितकी कमी मात्रा देण्याचे तत्त्व पाळतात. या विषयाकडे लक्ष वेधण्यासाठी २००८ मध्ये अमेरिकेत ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली. बालकांच्या प्रतिमाशास्त्रातील तज्ज्ञांच्या संघटनांना एकत्र आणणारा जागतिक महासंघ २०११ मध्ये स्थापन झाला. साधने अपुरी असलेल्या प्रदेशांतील रुग्णालयांना दूरस्थ सल्ला देणे हा त्याच्या कार्याचा भाग आहे.

भारतात वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. या मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, २००४ यांनुसार यंत्र वापरण्यासाठी मंडळाची परवानगी, पात्र तंत्रज्ञ आणि नियमित गुणवत्ता चाचणी आवश्यक असते. बाळाला धरण्याची वेळ आल्यास रुग्णालयातील एकाच कर्मचाऱ्याने ते काम रोज करू नये. शक्यतो पालकाने, शिशाचा ॲप्रन घालून, मुख्य झोताबाहेर राहून धरावे. गर्भवती स्त्रीने धरू नये.

गोपनीयता आणि कायदा

क्ष-किरण चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. चित्र गटात टाकण्यापूर्वी तो भाग झाकणे किंवा कापणे आणि त्याऐवजी सांकेतिक क्रमांक देणे ही किमान काळजी आहे. व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांदरम्यान सांकेतिक स्वरूपात जातात. तरी चित्र फोनच्या गॅलरीत आपोआप साठते, दुसऱ्या गटात पुढे पाठवता येते आणि फोन हरवल्यास परक्याच्या हाती पडू शकते. तंत्रज्ञानातील संरक्षण माणसाच्या निष्काळजीपणाला पुरे पडत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांचा सल्ल्यासाठी वापर मान्य केला आहे. नोंदणीकृत डॉक्टरने दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरचा सल्ला घेण्याची तरतूदही त्यांत आहे. अशा वेळी उपचाराची जबाबदारी रुग्णाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरकडेच राहते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. उपचारांच्या संदर्भात काही सवलती असल्या, तरी प्रशिक्षणासाठी चित्र वापरताना पालकांना त्यांच्या भाषेत सांगून संमती घेणे उचित ठरते.

मर्यादा आणि पुढील दिशा

समाजमाध्यम यंत्राची जुनी नळी बदलू शकत नाही, वीजपुरवठा सुधारू शकत नाही आणि रिक्त पद भरू शकत नाही. तज्ज्ञाचा अभिप्राय बहुधा स्वेच्छेने आणि विनामूल्य दिलेला असतो. त्याचा उत्साह ओसरला की गटही थंडावतो. त्यामुळे सुधारणा टिकवण्यासाठी अभिप्राय हे रुग्णालयाच्या नियमित कामाचे अंग व्हावे लागते. त्यात टाकून दिलेल्या व पुन्हा काढलेल्या चित्रांची नोंद, दर महिन्याची प्रतवारी आणि नव्या तंत्रज्ञाचे प्रशिक्षण यांचा समावेश होतो. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ यामुळे क्ष-किरण तंत्रज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला देशपातळीवर चौकट मिळाली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने छातीची चित्रे वाचण्याच्या प्रणाली आता वापरात आहेत. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेली क्युअर डॉट एआय ही कंपनी या क्षेत्रात काम करते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयरोगाच्या चाळणीसाठी संगणकीय वाचनाची शिफारस केली, ती १५ वर्षे व त्यापुढील वयासाठी होती. लहान मुलांच्या बाबतीत चित्र काढणारे आणि ते वाचणारे मनुष्यबळ यांचे महत्त्व त्यामुळे कायम आहे. संगणकाने वाचायचे झाले, तरी त्यालाही चित्र सरळ, स्थिर आणि पूर्ण श्वासाचे लागते.